आमच्याकडे की आपल्याकडे?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏



गेल्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात सुट्टीला आलेली आमची सहावीतली नात मोबाइल घेऊन आली. मागच्या आठवड्याचं पत्र उघडलेलं होतं. म्हणाली, "आजी, हे पत्र तू एकटीच लिहितेस ना, जेवणाच्या टेबलावर बसून? मग सगळीकडे 'आम्ही, आम्ही' का लिहितेस? तुझ्यासोबत कोण असतं?"

त्या वेळी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून या आठवड्याचं पत्र त्या प्रश्नावरच.

एकट्या माणसाने 'आम्ही' म्हणायची रीत आपल्याकडे जुनी आहे. वर्तमानपत्राचा अग्रलेख एकच जण लिहितो, पण लिहितो 'आम्हांस असे वाटते'. 1881 साली केसरी निघाला, तेव्हापासून आजपर्यंतच्या संपादकांची ही चाल. लग्नपत्रिका पाहा. घरात कर्ता एक असतो, पण सुरुवात होते 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. कारण बोलावणं त्या एकट्याचं नसतं. त्याच्यामागे कुलस्वामिनी असते, गेलेली माणसं असतात, भाऊबंद असतात. आपल्या आदिलाबादच्या शेजारपाजारी तेलुगू घरांत एकुलता एक मुलगासुद्धा वडिलांना 'ना नान्न' म्हणजे 'माझे वडील' सहसा म्हणत नाही. 'मा नान्न' म्हणतो, आमचे वडील. आणि आपल्या आया-सासवा काय म्हणायच्या? 'आमचे हे!' त्यात 'हे' एकच असायचे आणि म्हणणारीही एकच.

तर नातीला उत्तर असं, की पत्र लिहायला बसतो तेव्हा टेबलावर एकटेच असतो, पण भाजी निवडता निवडता ज्या ताई बोलतात, आरतीनंतर पायरीवर बसून ज्या आपलं मन मोकळं करतात, त्या सगळ्यांचं ऐकलेलं यात उतरतं. म्हणून 'आम्ही'. हे उत्तर खरं आहे. पण पुरं नाही. कारण या 'आम्ही'च्या पदराखाली दोन गोष्टी हळूच लपतात. एक आपली चूक, दुसरी आपली हद्द. आज त्या दोन्ही पदराबाहेर काढायच्या आहेत.

आधी चुकीचं बोलू.

'मी' या शब्दाची अध्यात्मात फार बदनामी झाली आहे. मीपणा सोडा, मी-मी करू नका, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते बरोबरच आहे. अहंकार हा शब्दच 'अहम्'पासून झाला. 'अहम्' म्हणजे मी. आणि संस्कृत व्याकरणाची गंमत बघा. आपल्या शाळेच्या मराठी व्याकरणात 'मी' हा प्रथम पुरुष, 'तू' द्वितीय, 'तो' तृतीय. संस्कृतात उलटं. तिथे 'तो' हा प्रथम पुरुष, 'तू' मध्यम पुरुष आणि 'मी' उत्तम पुरुष. इथे उत्तम म्हणजे चांगला असं नाही, तर शेवटचा. आधी समोरच्या जगाकडे बघ, मग जवळच्याकडे, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःकडे. महाप्रसादाच्या पंगतीला वाढणारी जशी शेवटी बसते, तसंच.

पण मग 'मी' कधी म्हणायचंच नाही का? इथे आमच्या सुनेची गोष्ट सांगतो.

आमची धाकटी सून करीमनगरकडची, तेलुगू घरातली. लग्नाला दोन वर्षं झाली. मराठी घरात येऊन शिकली, आणि छान शिकली. चूक होते ती एकाच ठिकाणी. तेलुगूत 'नेनु' म्हणजे मी. पण 'मी जाते' आणि 'मी जातो' असा बाई-पुरुषांचा वेगळा प्रकार तिथे नाही, बोलणारी बाई असो की पुरुष, क्रियापद तेच. त्यामुळे आपल्या मराठीत तिची अजून तारांबळ होते. 'मी आलो' म्हणते, 'मी झोपलो' म्हणते. घरातली पोरं हसतात.

लग्नानंतरची तिची पहिली दत्तजयंती. केंद्रात महाप्रसाद होता. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. भाजीचा मोठा गंज चुलीवर, आणि ढवळायला आम्ही पाच-सहा जणी. पंगत बसायला अर्धा तास उरला आणि कोणीतरी चव घेतली. मीठ दुप्पट! मग काय, धावपळ. बटाटे उकडा, वांगी चिरा, दुसरा गंज आणा. आणि त्या धावपळीत जे बोलणं चाललं होतं ते आठवून आजही लाज वाटते. एक म्हणाली, "आमच्याकडून तर एकदाच पडलं." दुसरी म्हणाली, "आम्ही नेहमीच्याच मापाने टाकलं." तिसरी म्हणाली, "टाकलं असेल कोणीतरी." आम्हीही त्यातच होतो. म्हणालो, "आमच्या लक्षात नाही आलं."

तेवढ्यात सून पुढे आली. म्हणाली, "मीठ मी टाकलं. आधी विचारायला मी विसरलो."

सगळ्या जणी हसल्या. "विसरलो काय गं, विसरले म्हण!" हसण्यात ताण गेला, भाजी निभावली, पंगत उठली. रात्री गंज घासताना मात्र ध्यानात आलं. आपण तिचं व्याकरण सुधारलं, पण तिथे 'मी' म्हणणारी ती एकटीच होती. बाकी आपण सगळ्या मराठी शाळेत शिकलेल्या बाया, आमचं व्याकरण पक्कं होतं आणि 'आम्ही'च्या आड उभं राहून प्रत्येक जण सुटली होती. 'आम्ही विसरलो' हे वाक्य शुद्ध होतं. खरं नव्हतं.

यात भाषेचीही एक मेख आहे. 'मी विसरले' म्हटलं की बाई की पुरुष ते कळतं, कोण ते कळतं, जबाबदारी एका माणसाजवळ येऊन थांबते. 'आम्ही विसरलो' म्हटलं की बाई-पुरुष कळत नाही, एक की दहा कळत नाही. सगळं धूसर. म्हणूनच जिथे शब्द द्यायचा असतो, तिथे शहाण्या माणसांनी एकवचन ठेवलं. कोर्टात शपथपत्र 'मी' म्हणून लिहितात. शाळेत रोज सकाळी मुलं जी प्रतिज्ञा म्हणतात, ती लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव आपल्या तेलंगणातलेच, नलगोंडा जिल्ह्यातल्या अन्नेपर्तीचे. विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असताना 1962 साली त्यांनी ती तेलुगूत लिहिली, आणि पुढे ती देशभरच्या भाषांत गेली. मैदानात पाचशे मुलं एका सुरात म्हणतात, तरी प्रत्येक जण 'माझा' देश म्हणतो, 'आमचा' म्हणत नाही. कारण आमचा म्हटलं की शेजारचा पाळेल, मी नाही पाळलं तरी चालेल असं वाटतं. प्रतिज्ञा ज्याची त्यानेच घ्यायची असते. गुरुमंत्रही तसाच. सगळे एका मांडवात बसले असले तरी तो एकेकाच्या कानात दिला जातो.

म्हणजे 'मी' हा शब्द वाईट नाही. जिथे श्रेय असतं तिथे तो पुढे धावतो आणि जिथे चूक असते तिथे मागे लपतो, ही त्याची खोड वाईट. महाप्रसाद चांगला झाला असता तर आम्हा सगळ्यांना आपापलं माप अगदी चमच्यापर्यंत आठवलं असतं!

मग श्रेयाच्या वेळी 'मी'चं काय करायचं? ते आपल्या संतांनी करून दाखवलं आहे. अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा ठेवतात. तुकोबा 'तुका म्हणे' म्हणतात, नामदेव 'नामा म्हणे', चोखोबा 'चोखा म्हणे'. 'मी म्हणतो' असं नाही. स्वतःला दोन पावलं दूर उभं करून, तिऱ्हाईताने सांगावं तसं. तरी जबाबदारी टाळलेली नाही, नाव स्पष्ट आहे. बोललं कोण ते कळतं, पण 'मी'चा ताठा नाही. जनाबाई तर स्वतःची ओळख नामदेवांची दासी म्हणून देतात. आणि पैठणचे नाथमहाराज! त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर होते. नाथांनी आपल्या नाममुद्रेत गुरूंचं नावच जोडून घेतलं, 'एका जनार्दनी'. ही सही इतकी एकजीव आहे की शिष्य कुठे संपतो आणि गुरू कुठे सुरू होतात ते सांगता येत नाही. आपण गुरूंची माणसं म्हणवतो. आपल्या सहीत गुरू किती आणि आपण किती, हे एकदा तपासून पाहावं.

समर्थांनी आणखी एक वाट दाखवली. मनाच्या श्लोकांत ते जे काही सांगतात ते मनाला सांगतात. म्हणजे 'मी'ला समोर बसवून त्याच्याशी 'तू' म्हणून बोलायचं. 205 श्लोक, पण उपदेश दुसऱ्याच्या अंगावर फेकलेला नाही. चूक आपली असली की आपल्यालाही असं करता येतं. आरशासमोर उभं राहून म्हणायचं, बाई गं, मीठ तू टाकलंस.

आता दुसरी गोष्ट. हद्दीची.

मराठीत 'मी'चं अनेकवचन एक नाही, दोन आहेत. 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही पंढरपूरला जाणार आहोत' म्हटलं, की ऐकणारा घरी राहणार. 'आपण पंढरपूरला जाणार आहोत' म्हटलं, की त्याने पिशवी भरायला घ्यावी. एवढासा फरक, पण त्यात माणूस आत की बाहेर हे ठरतं. हिंदीत दोन्हीला 'हम' चालतं. इंग्रजीतही एकच शब्द. नातीच्या इंग्रजी शाळेत हा फरक शिकवायची वेळच येत नाही. गुजरातीत मात्र 'अमे' आणि 'आपणे' आहे. आणि तेलुगूत हा फरक अगदी पक्का, 'मेमु' म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. 'मनम' म्हणजे आपण, तुम्हाला धरून. तमिळमध्येही असे दोन शब्द आहेत. मराठीत हा फरक दक्षिणेच्या शेजारणींच्या संगतीने मुरला असावा, असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे आदिलाबादच्या घरात मराठी सासू आणि तेलुगू सून यांच्यात जर काही आधीपासूनच सारखं असेल, तर ते हे.

आणि 'आपण' हा शब्द आला कुठून? 'आत्मन्'पासून. प्राकृतात त्याचं 'अप्पा' झालं, 'अप्पण' झालं, आणि मराठीत 'आपण'. आपला, आपुलकी, आपलेपणा हे सगळं त्याच घरातलं. स्वतःलाही आपण, समोरच्यालाही आदराने आपण, आणि दोघांना मिळूनही आपण! वेदान्त जे मोठमोठ्या ग्रंथांत सांगतो, की तुझ्यात आणि माझ्यात आत्मा एकच, ते आपल्या मायबोलीने स्वयंपाकघरातल्या एका शब्दात घालून ठेवलं आहे. फक्त तो शब्द जागेवर वापरायला हवा.

आता आपल्या जिल्ह्याचंच बघा. 1956 च्या आधी किनवट आणि राजुरा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यांची फेररचना झाली, ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. पुढे 2014 ला तेलंगणा झालं, 2016 ला एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पैनगंगा तिच्या जागी वाहते आहे. आपल्या बहिणी, मावश्या, व्याही नदीच्या दोन्ही काठांवर. पण लग्नकार्याला पलीकडे गेलो की पाहुणे म्हणतात, "तुमच्या तेलंगणात असं असतं का?" आणि इथे एखाद्या ऑफिसात गेलो, बोलण्यातला हेल ऐकला, की समोरचा म्हणतो, "तुमच्या महाराष्ट्रात." दोन्हीकडून 'तुमच्या'! दत्तशिखराच्या दर्शनाला माहूरला गेलो की तिथे मात्र कोणी विचारत नाही, तू कुठल्या काठाचा. दुसऱ्याच्या 'आम्ही'च्या बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे आदिलाबादच्या मराठी माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. तीन पिढ्या झाल्या, आपण ते सोसतोय.

आणि तरीही आम्ही काय केलं, ते ऐका.

मागच्या वर्षीचं नवरात्र. घटस्थापनेची तयारी चालली होती. सून सकाळीच बाजारातून फुलं घेऊन आली. पिवळीधमक तंगेडुची आणि कुरडूची, तिच्या भाषेत गुनुगु. तिच्या बतुकम्मासाठी तर होतीच, पण त्यातली निवडून एक ओंजळ तिने वेगळी काढली होती. म्हणाली, "अत्तम्मा, ही घटाला." आम्ही वर न बघताच बोललो, "आमच्याकडे घटाला ही फुलं चालत नाहीत गं."

ती काही बोलली नाही. फुलं उचलली आणि आत गेली. नऊ दिवस सगळं नीट केलं, पण घटापाशी आली नाही. लांबून नमस्कार करायची. आम्हाला वाटलं, अडचण असेल, काम असेल. दसरा झाला. सोनं वाटून झालं. रात्री दोघीच भांडी आवरत होतो तेव्हा हळूच म्हणाली, "अत्तम्मा, एक विचारू? तुम्ही नेहमी मला 'आमच्याकडे' म्हणता. आमच्याकडे असं करत नाहीत, आमच्या घरात असं बनवत नाहीत. आमच्या तेलुगूत सासू सुनेला 'मा इंट्लो' म्हणाली, तर सून समजते की आपण पाहुणी आहोत. घरातल्या माणसाला 'मन इंट्लो' म्हणतात. आपल्या घरात. मराठीतही तसंच आहे ना? की मी चुकीचं शिकलो?"

चुकीचं शिकलो! 'शिकले' म्हणायचं राहिलं, ते तेव्हाही राहिलं. पण 'आम्ही' आणि 'आपण' मात्र तिला एकदाही चुकलं नव्हतं. चुकत होतं ते आमचं. बी.ए.ला मराठी घेतलेल्या सासूचं. दोन वर्षं आम्ही तिचं जातो-जाते सुधारत होतो, आणि दोन वर्षं ती आमचं 'आमच्याकडे' मुकाट्याने ऐकत होती. दुसऱ्या भाषेतून आलेली सून असती, जिच्या भाषेत हा फरकच नाही, तर तिला कदाचित बोचलं नसतं. हिच्या कानाला मात्र प्रत्येक वेळी स्वच्छ ऐकू येत होतं.

बोलताना मनात वाईट नव्हतं, असं आपण म्हणू शकतो. नव्हतंच. पण काटा मुद्दाम टोचला काय आणि न बघता टोचला काय, रक्त तेवढंच येतं.

हे पत्र आम्ही 'आम्ही' म्हणून लिहितो आहोत. पण त्या रात्री हातात साबणाचा फेस असताना तोंडातून जे आलं ते असं होतं, "नाही गं बाई, तू बरोबर शिकलीस. मी चुकले." तिथे 'आमच्याकडून चुकलं असेल' म्हणून भागलं नसतं. मीठ टाकलं तेव्हा ती जशी पुढे आली, तसंच पुढे यायला हवं होतं. ते आम्ही तिच्याकडूनच शिकलो.

पुढची गंमतही सांगतो. काही दिवसांनी साताऱ्याकडच्या एका गुरुभगिनीशी फोनवर बोलणं झालं. तंगेडु म्हणजे आपला तरवड. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे तर घटाला तरवडाचीच माळ असते!" म्हणजे ज्या फुलांना आम्ही 'आमच्यात चालत नाहीत' म्हणून परत पाठवलं, ती कितीतरी मराठी घरांत देवीच्या गळ्यात होती. आपण ज्याला 'आमची रीत' म्हणतो, ती पुष्कळदा आपल्या आठवणीएवढीच जुनी असते.

इथे एक सांगायला हवं. नुसतं 'आपण' म्हणूनही भागत नाही. खोटा 'आपण'ही असतो. "उद्या आपण पहाटे उठून पुरण शिजवू हं," म्हणजे तू ऊठ, आम्ही सातला येतो! "आपण देवघर घासून घेऊ," म्हणजे तू घास. घरोघरच्या सुना हे वाचून हसत असतील. 'आपण' म्हटलं तर आपलाही हात ओला झाला पाहिजे. आणि केंद्रातही तसंच. नवीन आलेल्या ताईंना 'आम्ही जुने सेवेकरी असं करतो' असं ऐकवायचं आणि सतरंज्या उचलायच्या वेळी 'चला, आपण उचलू या' म्हणायचं, हे दत्तमहाराजांना दिसत नाही असं थोडंच आहे?

ज्ञानोबामाउलींनी 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी केली, आणि शेवटी देवाजवळ पसायदान मागितलं. आपण ते रोज म्हणतो. आज म्हणताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. त्यात 'मला दे' एकदाच येतं, अगदी सुरुवातीला. मागणारा एक आहे, आणि तो ते कबूल करतो. पण त्यानंतर जे मागितलं त्यात 'माझं' काहीच नाही. दुष्टांचंही भलं, सगळ्या जीवांचं एकमेकांशी मैत्र, ज्याला जे हवं ते. आणि शेवटी वर मिळाल्यावर आनंद झाला तो 'मला' नाही, माउली स्वतःचं नाव घेतात, ज्ञानदेवाला. मागताना मी, मिळताना सगळे, आणि समाधान झाल्यावर 'मी' पुन्हा बाजूला. मी, आम्ही, आपण कुठे कुठे ठेवावेत, याचं याहून चांगलं व्याकरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

आता शेवटची एक लहानशी गोष्ट. याच उन्हाळ्यातली. दुपारी कुरिअरवाल्याचा फोन आला. सुनेने घेतला. आम्ही आत आडवे झालो होतो, आवाज कानावर येत होता. पत्ता सांगत होती. "दत्त मंदिराच्या मागची गल्ली. निळं गेट. हो, तेच. ते आमचं घर."

आमचं घर! तोच शब्द. पण फोनवर बोलणारा बाहेरचा होता, आणि त्या 'आमचं'मध्ये ती होती, तिचा नवरा होता, पोरं होती आणि आत आडवी झालेली तिची सासूही होती. तेव्हा कळलं की 'आम्ही' हा शब्दही वाईट नाही. तो भिंतीसारखा आहे. भिंत घरात घातली तर माणसं तुटतात, घराभोवती घातली तर घर उभं राहतं. भिंत कुठे घालायची, एवढं कळलं पाहिजे.

या आठवड्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून तीन लहान संकल्प करू या. कुटुंबाच्या ग्रुपवर हे वाचून दाखवा आणि गुरुवारी भेटल्यावर कसं जमलं ते सांगा.

1. चूक झाली की वाक्य 'मी'ने सुरू करायचं. 'झालं असेल', 'आमच्याकडून राहिलं' असं नाही. मी विसरले, मी बोलून गेले. व्याकरण चुकलं तरी चालेल.

2. काम चांगलं झालं की 'मी' गिळायचा. ज्याचा हात लागला त्याचं नाव घ्यायचं, आणि सगळ्यात शेवटी गुरूंचं.

3. घरातल्या माणसाशी, विशेषतः बाहेरून आलेल्या सुनेशी, जावयाशी, कामाला येणाऱ्या मावशींशी आणि केंद्रात नवीन आलेल्यांशी बोलताना 'आमच्याकडे' शब्द ओठांवर आला की क्षणभर थांबायचं. 'आपल्याकडे' म्हणता येतं का पाहायचं. आणि म्हटलं, तर तसं वागायचं.

पुढच्या नवरात्रात आपल्या घटाला तरवडाची माळ असेल. ती कोण ओवणार ते ठरलं आहे. आम्ही दोरा धरू.

सद्गुरूंच्या चरणी एवढीच प्रार्थना, की आमच्यातला 'मी' चुकीच्या वेळी पुढे येऊ दे, मानाच्या वेळी मागे राहू दे, आणि आमच्या 'आम्ही'त दार तेवढं उघडं राहू दे.

काही उणंअधिक लिहिलं गेलं असेल तर ती चूक 'आमची' नव्हे, माझी.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏
आपली एक सेवेकरी भगिनी, आदिलाबाद